गावाच्या पाण्याचा ताळेबंद: ऑक्टोबरात मांडायचा, जुलैपर्यंत पाळायचा

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विहिरी तुडुंब दिसतात, ओढा वाहता असतो, आणि त्या भरवशावर गहू, कांदा, नवा ऊस लागतो. फेब्रुवारीत मोटारी दम टाकायला लागतात. एप्रिलमध्ये टँकरचा प्रस्ताव तहसीलला जातो. अशा गावात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे हाती किती पाणी आहे आणि ते कशाला किती लागेल याचा हिशेब, झालेलाच नसतो, असे म्हणावे तर तेही खरे नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आणि अटल भूजल योजना यांमुळे हा शब्द गावोगाव पोचला आहे. अनेक ग्रामपंचायतींच्या भिंतीवर तो रंगवलेलाही दिसतो. पण तो भलत्या महिन्यात आणि भलत्या आकड्यांवर मांडलेला असतो, आणि मांडून झाल्यावर त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. पावसाच्या तारखा, खंड आणि जोर दरवर्षी बदलत असताना ही चूक आता फार महाग पडते.

खालची पद्धत काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या प्रदेशासाठी आहे: मराठवाडा, अहिल्यानगर, सोलापूर, नाशिक-पुण्याचा अवर्षणग्रस्त पट्टा, पश्चिम विदर्भ. कोकणात किंवा पूर्व विदर्भात पायऱ्या याच राहतील, पण आकडे उचलू नका. तिथला दगड किंवा पाऊसमान वेगळे आहे.

### आधी तीन मापे पाठ करा

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर.

१ टीसीएम म्हणजे १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर.

१ हेक्टर पिकाला हंगामभरात १०० मिलिमीटर पाणी दिले, की १ टीसीएम खर्ची पडले.

सावधान: टीसीएम आणि टीएमसी यांची गल्लत सर्रास होते. टीएमसी हे मोठ्या धरणांचे माप आहे, हजार दशलक्ष घनफूट. एका टीएमसीत २८,००० हून जास्त टीसीएम बसतात. गावाच्या कागदावर टीएमसी दिसले, की तो कागद तिथेच थांबवून दुरुस्त करा.

### तयारी: मे महिन्यातच

ऑक्टोबरात कामाला लागणाऱ्या गावाकडे तुलनेसाठी काहीच नसते, म्हणून सुरुवात मे महिन्यात करायची. पाच-सहा जणांचा गट पुरतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, शिवार पायाखाली घातलेला एक जुना माणूस, आकडेमोडीला शाळेचे गुरुजी किंवा बारावी झालेली मुलगी, आणि बचत गटातली एक बाई. पिण्याच्या पाण्याची टंचाई कोणत्या आठवड्यात सुरू होते हे बाईइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही. बोअर असलेला एक शेतकरी हवाच. आणि ज्याच्याकडे ना विहीर ना बोअर, असा एक कोरडवाहू शेतकरीही हवा. हा शेवटचा माणूस बहुतेक समित्यांत नसतो, आणि मग ताळेबंद मोटारवाल्यांपुरता उरतो.

सगळे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर (पूर्वीचे ग्रामसेवक) टाकू नका. त्यांची बदली झाली की वही त्यांच्याबरोबर जाते.

साहित्य थोडेच लागते: टोकाला वजन बांधलेला ३० मीटरचा फीता, पर्जन्यमापक, २०० लिटरचा ड्रम, ऑइलपेंटचा छोटा डबा आणि एक जाड वही. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी दोघांच्या मोबाइलमध्ये गेला पाहिजे.

### टप्पा १: शिवाराचे तीन भाग पाडा

गावनकाशा घ्या आणि त्यावर पाणी कुठून कुठे वाहते ते काढा. पाणी महसुली हद्द मानत नाही. शेजारच्या गावाच्या डोंगराचे पाणी तुमच्या ओढ्याला येत असेल तर तसे लिहा. तुमचे पाणी खाली जात असेल तर तेही लिहा.

मग शिवाराचे तीन भाग करा: चढाचा, मधला आणि ओढ्याकाठचा. प्रत्येकाचे क्षेत्र हेक्टरमध्ये काढा. तीव्र उताराचे डोंगर आणि उघडा कातळ या हिशेबातून वगळा, कारण तिथे भूजल धरले जात नाही. पुढच्या उदाहरणात आपण १,००० हेक्टरचे गाव धरू. त्यातले ३०० हेक्टर डोंगर-कातळ वजा जाता ७०० हेक्टर उरले: चढ २००, मधला ३००, ओढाकाठ २००.

पडताळा: तिन्ही भागांची बेरीज आणि वगळलेले क्षेत्र मिळून गावाचे भौगोलिक क्षेत्र यायला हवे. नाही आले तर पुढे जाऊ नका.

### टप्पा २: पाऊस तारखेने लिहा

महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा ऑनलाइन मिळतो, तो जरूर उतरवून ठेवा. पण मंडळात अनेक गावे येतात, आणि आताचा पाऊस एका शिवारात पडून शेजारचे कोरडे ठेवतो. गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक हवाच. तो मोकळ्या जागी बसवा. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान तिच्या दुप्पट अंतर सोडा. गच्चीवर नको. रोज सकाळी साडेआठला वाचायचा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे. जागा रिकामी सोडली, की दोन महिन्यांनी ते शून्य होते की कोणी वाचलेच नव्हते, हे कळत नाही.

हंगामाच्या शेवटी नुसती बेरीज लिहून थांबू नका. आणखी तीन गोष्टी मोजा: २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस किती, सर्वांत लांब उघडीप किती दिवसांची, आणि एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पडलेला पाऊस किती वेळा. सरासरी गाठलेल्या वर्षातही विहिरी का भरल्या नाहीत, याचे उत्तर या तीन ओळींत असते. दोन तासांत ८० मिलिमीटर कोसळलेले पाणी ओढ्याला लागून निघून जाते. तितकाच पाऊस चार दिवस झड लागून पडला तर मुरतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ज्यांनी उघडीप मोजून लिहिली, त्यांना रब्बीत हात आखडता का घ्यायचा हे ग्रामसभेत वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

सावधान: एकूण पाऊस गुणिले एकूण क्षेत्र हा आकडा म्हणजे गावाचे पाणी नव्हे. ५५० मिलिमीटर पाऊस आणि १,००० हेक्टर धरले तर ५,५०० टीसीएम येतात. भिंतीवर हा आकडा फार शोभून दिसतो. पण त्यातला मोठा हिस्सा पिके, गवत आणि जमिनीतून उडून गेलेला असतो, काही वाहून गेलेला असतो. वाटून घ्यायचे पाणी म्हणून हाच आकडा धरलेले ताळेबंद मी अनेकदा पाहिले आहेत. तसा ताळेबंद नसलेला बरा, कारण तो उधळपट्टीला परवानगी देतो.

### टप्पा ३: विहिरी मोजा, मे अखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला

सगळ्या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. इथे घाई केली तर पुढची सगळी गणिते वाया.

प्रत्येक भागात निदान चार उघड्या विहिरी निवडा, शक्यतो कमी उपसा असलेल्या. पडीक विहीर उत्तम. पाझर तलावाच्या किंवा बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याची विहीर घेऊ नका, ती गावाचे खोटे चित्र दाखवते. पिण्याच्या पाण्याची विहीर मात्र घ्याच. बोअरची पातळी उघड्या विहिरींच्या सरासरीत मिसळू नका. बोअर काळ्या फत्तराच्या खालच्या थरातून पाणी ओढते, विहिरीचे पाणी वरच्या मुरूम-मांजऱ्यातले, म्हणजे झिजून ठिसूळ झालेल्या दगडाच्या थरातले असते. बोअरच्या नोंदी ठेवा, पण वेगळ्या पानावर.

काठावर रंगाची खूण करा आणि दर वेळी फीता तिथूनच सोडा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. नाहीतर कठडा नवा बांधला, की पाणी एक मीटर खाली गेल्याचे कागदावर दिसते.

मोजायची वेळ पहाटेची, मोटारी सुरू होण्याआधी. शेतीची वीज कोणत्या आठवड्यात रात्री असते ते वायरमनला विचारून घ्या. रात्रभर मोटारी चाललेल्या सकाळी मोजलेली पातळी निरुपयोगी असते. सर्व विहिरी दोन दिवसांत उरकल्या पाहिजेत.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे त्यांच्या नोंदींशी तुमच्या नोंदी ताडता येतील.

मे अखेरची पाण्यापर्यंतची खोली वजा ऑक्टोबरची खोली म्हणजे पाण्याची चढ. आपल्या उदाहरणात सरासरी चढ अशी आली असे समजा: चढाच्या भागात २.५ मीटर, मधल्या भागात ४, ओढाकाठी ५.५.

आता दगड किती पाणी सोडतो ते धरायचे. मुरूम-मांजऱ्याच्या १०० भागांतून सुटून येणारे पाणी साधारण १ ते ३ भाग असते. पहिल्या वर्षी २ टक्के धरा.

(२०० × २.५) + (३०० × ४) + (२०० × ५.५) = २,८०० हेक्टर-मीटर. त्याचे २ टक्के म्हणजे ५६ हेक्टर-मीटर. १ हेक्टर-मीटर म्हणजे १० टीसीएम, म्हणून ५६० टीसीएम.

विहीर पाच मीटर चढली, की माणसाला वाटते जमिनीखाली समुद्र साठला. प्रत्यक्षात त्या पाच मीटर दगडात जेमतेम १० सेंटिमीटर पाणी असते. ग्रामसभेत हे वाक्य सांगताना बादलीभर मुरूम आणि तांब्याभर पाणी घेऊन जा. लोकांना डोळ्यांनी दिसू द्या.

पडताळा: ७०० हेक्टरवर ५५० मिलिमीटर म्हणजे ३,८५० टीसीएम पाऊस. त्यातले ५६० म्हणजे साडेचौदा टक्के. बेसाल्टमध्ये पाऊस मुरण्याचे प्रमाण ७ ते १३ टक्के धरतात, तलाव-बंधाऱ्यांचा पाझर त्यावर. तेव्हा साडेचौदा पटण्यासारखे आहे. तुमचा आकडा २५ टक्क्यांवर गेला तर विहिरींची निवड चुकली आहे किंवा क्षेत्र फुगले आहे.

### टप्पा ४: उघडे साठे

तलाव, बंधारे, गावतळे यांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रत्यक्ष किती पाणी उभे आहे तेवढेच मोजा. अंदाजपत्रकातली क्षमता लिहू नका. ती काम झाले त्या वर्षाची असते, मध्ये गाळ भरलेला असतो. ढोबळ हिशेबासाठी पाण्याखालचे क्षेत्र गुणिले सर्वांत खोल जागेची खोली गुणिले ०.४ पुरे.

यातले निम्मेच जमेला धरा. ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या साठ्यावरून एक मीटरहून जास्त पाण्याची वाफ होते. उदाहरणात ६० टीसीएम उभे आहेत, आपण ३० धरू.

कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, याच आठवड्यात तपासा. मोजणी नीट करायची आणि बरगे मात्र नोव्हेंबरात टाकायचे, तोवर ओढा निघून गेलेला असतो.

### टप्पा ५: जमेची बाजू, एकदाच

पाझर तलावातून मुरलेले पाणी विहिरीच्या चढीत आलेलेच असते. म्हणून चर, बांध, तलाव, नाला खोलीकरण यांनी 'अडवलेले पाणी' वेगळे धरून त्यात विहिरींचे पाणी मिळवायचे नाही. कागदोपत्री शिल्लक आणि प्रत्यक्षात टँकर, असे चित्र दिसते त्यामागे बहुतेक वेळा हीच दुबार मोजणी असते.

विहिरींच्या ५६० टीसीएममधून एक चतुर्थांश सोडून द्या. काही पाणी डिसेंबरपर्यंत ओढ्याला पाझरून जाते, काही तळाशी राहते आणि उपसता येत नाही. उरले ४२०. त्यात साठ्यांचे ३० मिळवा. जमा ४५० टीसीएम. कालव्याचे आवर्तन मिळत असेल तर ते जाहीर झाल्यावरच धरायचे, आशेवर नाही.

मे महिन्याच्या पातळीच्या खालचे पाणी यात नाही, हे मुद्दाम आहे. ते मुद्दल आहे. या दगडात ते मुळातच थोडे असते, आणि एकदा खाल्ले की पुढच्या पावसाचा पहिला हिस्सा तो खड्डा भरण्यात जातो.

### टप्पा ६: पिण्याचे पाणी आधी उचलून ठेवा, ३१ जुलैपर्यंतचे

ताळेबंद सहसा ३१ मे किंवा ७ जूनला संपवतात. मृगाचा भरवसा आता धरता येत नाही, आणि पहिल्या पावसाने विहिरीला पाणी येतही नाही. १ ऑक्टोबर ते ३१ जुलै असे ३०४ दिवस धरा.

१,८०० माणसे, माणशी रोज ५५ लिटर: ३०.१ टीसीएम.
९०० मोठी जनावरे, प्रत्येकी ५० लिटर: १३.७ टीसीएम.
१,२०० शेळ्या-मेंढ्या, प्रत्येकी ८ लिटर: २.९ टीसीएम.

एकूण सुमारे ४७. गळती, लग्नसराई, जत्रा धरून ६० ठेवा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये परततात, म्हणजे पाणी सर्वांत कमी असते तेव्हाच गावाची लोकसंख्या सर्वांत जास्त असते. दिवाळीनंतर दारे बंद दिसतात म्हणून ती माणसे हिशेबातून गळतात. तसे होऊ देऊ नका.

४५० मधले ६०. सातवा-आठवा हिस्सा. तरी पिण्याच्या पाण्याचे हाल का होतात? कारण हे ६० टीसीएम कोणत्या वेगळ्या टाकीत नसतात, ते त्याच मुरुमात असतात जिथून शेजारच्या दहा मोटारी ओढत असतात. म्हणून नुसता आकडा राखून चालत नाही, जागा राखावी लागते. पिण्याच्या विहिरीभोवतालच्या विहिरींचा शेतीसाठीचा उपसा कोणत्या तारखेला थांबणार, हे नावानिशी ठरले पाहिजे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्यानेच मज्जाव आहे. जुन्या विहिरींचे मालक मात्र आपलेच भाऊबंद असतात. त्यांचे नुकसान होणार हे मान्य करा आणि भरपाई काय द्यायची ते ऑक्टोबरात बोला: ठिबकसाठी प्राधान्य, चाऱ्यात वाटा, किंवा ग्रामपंचायतीने विहीर भाड्याने घेणे. एप्रिलमध्ये विहीर अधिग्रहणाचा आदेश येतो तेव्हा त्या विहिरीत अधिग्रहण करण्यासारखे काही उरलेले नसते.

### टप्पा ७: पिकांची मागणी, मनातली आणि कागदावरची

ई-पीक पाहणीत, म्हणजे सरकारी ॲपवरच्या पीकनोंदीत, रब्बीची नोंद उशिरा होते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाडीवार बसून प्रत्येकाला विचारा: काय पेरणार, किती एकर, पाणी कुठून? अडीच एकरांचा १ हेक्टर धरा.

पिकाला लागणाऱ्या पाण्याचे आकडे जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून आपल्या जमिनीसाठी घ्या. ऑक्टोबरनंतर विहिरीतून उपसायचे पाणी, हेक्टरी टीसीएममध्ये, ढोबळमानाने असे: पाटाने दिलेला ऊस १५, ठिबकवरची मोसंबी ६, कांदा ५, गहू ४, दोन पाण्यांचा हरभरा दीड, एका पाण्याची ज्वारी ०.६.

उदाहरणातल्या गावाने सांगितलेली मागणी:

मोसंबी २० हेक्टर: १२०
ऊस १० हेक्टर: १५०
गहू ४० हेक्टर: १६०
कांदा ३० हेक्टर: १५०
हरभरा १०० हेक्टर: १५०
ज्वारी १२० हेक्टर: ७२

बेरीज ८०२ टीसीएम. हातात ४५० वजा ६०, म्हणजे ३९०. मागणी दुपटीहून जास्त. घाबरू नका, ही तफावत सगळीकडे निघते. ती ऑक्टोबरात दिसली, म्हणजे ताळेबंद कामाला आला.

पडताळा: उपशाचा वेगळा अंदाज काढा. मोटार सुरू करून २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. २५ सेकंद लागले तर ताशी २८,८०० लिटर. रोज आठ तास चालली तर सव्वाचार-साडेचार दिवसांत १ टीसीएम संपते. गावातल्या मोटारींची संख्या आणि दिवस धरून गुणाकार करा. पिकांवरून काढलेल्या मागणीपेक्षा हा आकडा बराच मोठा आला तर कोणाचे तरी क्षेत्र लपले आहे.

सावधान: विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यात भरणे ही बचत नाही. ३० × ३० × ३ मीटरच्या एका शेततळ्यात सुमारे २.२ टीसीएम बसते. अशी २५ तळी म्हणजे ५५ टीसीएम, जवळपास सगळ्या गावाचे जुलैपर्यंतचे पिण्याचे पाणी. ते सर्वांच्या मुरुमातून निघून एकाच्या प्लॅस्टिकवर येते आणि उन्हात उडते. पावसाळ्यात ओघळीच्या पाण्याने भरलेल्या शेततळ्याला हरकत नाही. दोन्हींची यादी वेगळी करा.

### टप्पा ८: आधी वाडीबैठका, मग ग्रामसभा

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय ढीगभर असतात. पाणी शेवटी येते तोवर माणसे उठलेली असतात. म्हणून तिन्ही भागांच्या छोट्या बैठका आधी घ्या आणि कपातीचा प्रस्ताव तिथेच घडवा. पातळी मोजायला ऑक्टोबरचा पहिला आठवडा लागतो, तेव्हा विशेष ग्रामसभा ८ ते १५ तारखेदरम्यान ठेवलेली चांगली. त्यानंतर गहू-कांद्याचे बी घरात आलेले असते, आणि बी आणलेल्या माणसाला नको म्हणणे अवघड असते.

कपातीचा क्रम मी असा धरतो. उभी फळबाग जगवायची, वाढवायची नाही. ज्वारी आणि हरभरा शक्य तितका राखायचा. ज्वारी तोडून गहू वाचवणे ही घोडचूक आहे, कारण ज्वारीबरोबर जनावरांचा कडबाही जातो. नवा ऊस लावायचा नाही, उभा तुटला की खोडवा (त्याच खोडांवरचे पुढचे पीक) धरायचा नाही. उन्हाळी पिकांचा निर्णय जानेवारीआधी घ्यायचाच नाही.

उदाहरणातल्या गावाचा हिशेब असा बसतो: आच्छादन करून मोसंबी २० हेक्टर × ५ = १००; तुटेपर्यंत ऊस १० × ४ = ४०; गहू १० × ४ = ४०; ठिबकवर कांदा १५ × ४ = ६०; तुषारवर हरभरा १०० × १ = १००; ज्वारीला एक पाणी ८० हेक्टरला, ४८, आणि उरलेली ४० हेक्टर भारी काळ्या रानात, ओलीवर. बेरीज ३८८. हातातल्या ३९० मध्ये बसले.

कपात सरसकट टक्केवारीने करू नका. दहा एकर कांदेवाल्याचे पाच आणि एक एकरवाल्याचा अर्धा, हे दिसायला समान आणि प्रत्यक्षात क्रूर आहे. प्रत्येक कुटुंबाला पहिल्या एकराची हमी द्या, कपात त्याच्या वरून सुरू करा. विहीर नसलेल्यांच्या हरभऱ्याला एक संरक्षित पाणी कोण देणार, तेही नाव घालून लिहा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवले आणि ऊस-केळी टाळली, ती ग्रामसभेच्या ठरावाने. तुमच्या गावाला एका बैठकीत तेवढे जमेलच असे नाही. पहिल्या वर्षी दोनच ठराव करा, पण पाळता येतील असे: पिण्याच्या विहिरीभोवतीचा उपसा थांबवण्याची तारीख, आणि नवा ऊस नाही. मी पाहिलेल्या एका गावाने पहिल्याच वर्षी चौदा ठराव केले, त्यातला एकही संक्रांतीपर्यंत टिकला नाही.

पडताळा: ठरावात नावे, गट क्रमांक आणि तारखा आहेत का? 'पाण्याचा काटकसरीने वापर करावा' एवढेच लिहिले असेल तर तो ठराव झालेलाच नाही.

### टप्पा ९: जानेवारीचा आणि मार्चचा मुक्काम

१५ जानेवारीच्या आसपास त्याच विहिरी, त्याच खुणेपासून, पहाटे मोजा. ऑक्टोबरपर्यंत आलेल्या चढीतली अर्ध्याहून जास्त उतरली असेल तर उन्हाळी भुईमूग, उन्हाळी बाजरी, चाऱ्याचा मका यांतले काय होणार आणि काय नाही, हे त्याच आठवड्यात ठरवा. चारा अगदीच हवा असेल तर एकाच जागी, भरवशाच्या विहिरीखाली, सामायिक घ्या. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर त्याने जमीन भिजते, पण विहिरीची पातळी पुन्हा मोजल्याशिवाय जमेला काही धरायचे नाही.

पातळ्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, मोठ्या अक्षरांत, मागच्या महिन्याच्या शेजारी. गावाच्या मोबाइल गटावरही टाका. ठराव कोणी मोडला याची चर्चा चव्हाट्यावर होण्यापेक्षा पातळी किती उतरली याची चर्चा झालेली बरी. मोडणाऱ्याला ती ऐकू जातेच, आणि भांडण टळते.

मार्चमध्ये पिण्याच्या विहिरीची पातळी पाहून उरलेल्या दिवसांचा हिशेब करा. जुलैपर्यंत पुरत नसेल तर तेव्हाच पंचायत समितीला कळवा, मोजणीच्या नोंदी जोडून. तारीखवार पातळ्या जोडलेला अर्ज आणि नुसता 'तीव्र टंचाई आहे' असे म्हणणारा अर्ज यांत फरक पडतो.

### मे अखेर: आकडा दुरुस्त करा

३१ मेच्या आसपास शेवटची मोजणी. प्रत्यक्षात पेरलेले क्षेत्र आणि मोटारींचे तास यांवरून वर्षभराचा उपसा काढा, आणि पातळी किती उतरली त्याच्याशी ताडा. समजा, उपसा ४३० टीसीएम झाला आणि ओढ्याला गेलेले धरूनही पातळीवरून ५६० ऐवजी ४५० चाच हिशेब लागतो, तर तुमच्या शिवाराचा दगड २ टक्क्यांऐवजी दीडच्या जवळ आहे. पुढच्या वर्षी दीड धरा. दोन-तीन वर्षांत गावाला स्वतःचा आकडा मिळतो. तो दुसऱ्या गावाला उपयोगी पडत नाही, आणि दुसऱ्या गावाचा तुम्हाला.

ज्या विहिरींच्या नोंदी वर्षभर विचित्र आल्या त्या बदला, पण जुन्या नोंदी फाडू नका. पर्जन्यमापक उतरवून धुऊन पुन्हा बसवा. काठावरच्या खुणा पुसट झाल्या असतील तर रंगवून घ्या. मे अखेरच्या या पातळ्या नव्या पानावर पहिल्या ओळीत उतरवा. ऑक्टोबरची चढ तिथूनच मोजायची आहे.